काहिलीतले वरवंटे

त्या बागेत शिरल्यापासून मला दिशाच कळेना. सोनईचा रस्ता, कडेचा कालवा, कालव्यावरच्या पुलाचा मोडका कठडा, इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि डोक्यातलं उत्तर-दक्षिण पार गोंधळलं. जिथे उसाचा फड असायला हवा तिथे हिरव्या जाळीखाली माणसाएवढ्या पानांची झाडं उभी. जिथे गुऱ्हाळाचं चुलवाण धगधगायचं असं मला पक्कं आठवतं, तिथे गंजलेल्या पत्र्याची एक उंच कमान, कुठूनही कुठेच न नेणारी. जिकडेतिकडे बारीक नळ्यांतून पाण्याचे फवारे उडत होते. आमच्या या कोरड्या मुलखात, भर एप्रिलच्या उन्हात अंगाला दमट वाफ लागावी आणि कुजलेल्या पानांचा ओला वास यावा, हेच मुळी मनाला पटत नव्हतं. मी दोनदा थांबून मागे वळून पाहिलं. कालवा होता तिथेच होता.

माझा हात धरून आई चालत होती. तिला दिशेचं काही पडलं नव्हतं. ती तिचा वरवंटा परत न्यायला आली होती.

झालं होतं ते असं. गेल्या थंडीत आई तिच्या भाचीच्या लग्नाला कोपरगावला गेलेली असताना या शिल्पांच्या बागेचा टेम्पो आमच्या गावात फिरून गेला. एका शिल्पासाठी जुने, वापरात नसलेले वरवंटे हवे आहेत, असं त्यांनी घरोघर सांगितलं. आता मिक्सर नाही असं घर कुठलं? बायकांनी गोठ्यातून, मोरीतून, न्हाणीघराच्या मागून वरवंटे काढून दिले. माझ्या भावाच्या, अशोकच्या बायकोनं, सुनीतानंही दिला. बिचारीनं तो आधी धुतला, हळदकुंकू वाहिलं आणि मग टेम्पोत ठेवला. पाटा जड म्हणून तो नळाखाली कपडे धुवायला राहिला.

आई परत आल्यावर भांडली नाही. पाट्याजवळ जाऊन उभी राहिली आणि "एकटा पडला ह्यो," एवढंच म्हणाली, असं सुनीतानं मला फोनवर रडत सांगितलं. तेव्हापासून मी नाशिकहून फोन केला की आई इकडचं तिकडचं बोलायची आणि ठेवता ठेवता विचारायची, कधी येतीस, बागेत जायचं हाय. मीही आज-उद्या करत राहिले. माझं काही त्या दगडावाचून अडलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं होतं.

माझ्या आणि अशोकच्या मध्ये आणखी एक भाऊ होता. काही आठवडेच होता. मी तेव्हा चार-पाच वर्षांची असेन. त्याच्याबद्दल आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही, आणि न बोलायची सवय अशी की पुढे पुढे ती सवय आहे हेही कळेनासं झालं. त्याचा फोटो नाही. टोपडं नाही, वाळा नाही. माझ्याजवळ त्याची म्हणावी अशी एकच आठवण आहे आणि तीही त्याची आहे की नाही, हेच मला आयुष्यभर ठरवता आलेलं नाही.

मी ओसरीवर भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेय. पायांखाली गोधडी. कुणीतरी कुंचीत गुंडाळलेलं काहीतरी माझ्या मांडीवर ठेवतं. ते मला वाटलं होतं त्याहून जड आहे. बायकांचा हसण्याचा आवाज येतोय, धुरीचा वास येतोय, ओव्याचा, तेलाचा. आणि माझ्या कानाशी आईचा आवाज, "मान धर." मी त्या गोल टोकाखाली तळहात धरते. बस्स. पुढे काही नाही.

आता हे कुणालाही सरळच वाटेल की ते बाळ असणार. पण आमच्याकडचं बारसं ज्यांनी पाहिलंय त्यांना माझी अडचण कळेल. बारशाला पाळण्यात बाळाआधी वरवंटा निजवतात. त्याला तेल लावायचं, ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची, काजळाची तीट लावायची, कुंची घालायची. मग बायका देवाची नावं घेत त्याला पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून, असं कुणी सांगतं. दृष्ट दगडाला लागावी म्हणून, असंही कुणी सांगतं. वरवंटा पाळण्यात ठेवायचा, दोन झोके द्यायचे आणि मग तो काढून बाळ ठेवायचं. आणि या सगळ्यात एखाद्या लहान मुलीनं हट्ट केला, मलाही पाहिजे, तर बायका चेष्टेनं तिच्या मांडीवर काय ठेवतील, सांगा बरं.

म्हणून मी वकिलासारखे पुरावे गोळा करत आले. पुरावे दोन. एक, आई "मान धर" म्हणाली. दगडाची मान धर असं कोण म्हणेल? दुसरा, मला मांडीवरची ऊब आठवते. दगड गार असतो. एवढ्यावर मी निकाल देऊन टाकला होता की माझ्या मांडीवर माझा भाऊच होता. पण निकाल लागलेल्या खटल्याचे कागद माणूस पुन्हा पुन्हा काढून बघत नाही. मी बघत होते.

विचारायला आई होती. साधा प्रश्न होता. तो मी विचारला नाही, कारण त्याला घरात जागाच नव्हती.

पाट्याला मात्र होती. मागच्या अंगणात शेवग्याखाली पाटा मांडलेला असे आणि त्याच्यावर आडवा वरवंटा. सकाळी आई पाट्यावर बसली की आधी लसूण-मिरचीचा ठसका, मग भाजल्या खोबऱ्याचा वास, मग वरवंटा पुढे-मागे जाऊ लागला की ती घरघर. वाटण कुठवर आलं ते आवाजावरून कळायचं. आधी खडबडीत, मग ओलसर, मग जवळजवळ आवाजच नाही. शेवटी वाटीभर पाणी शिंपडून पाटा निपटायचा आणि ते पाणी कालवणात ओतायचं. त्या पाण्यासाठी मी वाटी धरून उभी असे. उन्हाळ्यात काळ्या मसाल्याचे दिवस आले की दगडफुलाच्या आणि भाजलेल्या मिरचीच्या वासानं शेजारपाजारचे सगळे शिंकायचे आणि शिंकत शिंकत आईचं कौतुक करायचे. मधूनच गल्लीत टाकीवाली ओरडत यायची. पाट्यावर छिन्नी चालली की ठिणग्या उडायच्या आणि दगड जळल्याचा एक वास यायचा, तो मला फार आवडे. टाकी लावल्यावर पहिलं वाटण खायचं नाही, कच लागते, म्हणून ते टाकून द्यायचं. आई टाकीवालीला पाटा द्यायची. वरवंटा देत नसे. तो गुळगुळीत होत गेला तरी त्याला छिन्नी लावू दिली नाही. टाकीवाली चिडायची, बाई, निसत्या पाट्यानं वाटण व्हतं व्हय? आई म्हणायची, व्हतंय माझं.

भाऊ गेला ते दिवस मला आठवतात, पण क्रमानं नाही. घरात पुष्कळ माणसं आली आणि निघून गेली. आईच्या अंगाला ओव्याचा वास येईनासा झाला. पाळणा आढ्याला तसाच टांगलेला. आमच्याकडे रिकामा पाळणा टांगलेला ठेवत नाहीत आणि हलवत तर मुळीच नाहीत. वडील तो काढायला स्टुलावर चढले. आईनं स्टूल धरलं आणि त्यांना खाली उतरवलं. मग ती मागच्या अंगणात गेली, पाट्यावरचा वरवंटा उचलून आणला, पदरानं पुसला आणि पाळण्यात ठेवला. आता पाळणा रिकामा नव्हता. वडील स्टूल घेऊन गेले.

किती दिवस तो तिथं होता, मला सांगता येणार नाही. आई येता-जाता पाळण्याला हात लावायची. कडी करकरायची. मला दुपारी झोप लागे ती त्या आवाजावर, आणि म्हणून माझ्या डोक्यात तो आवाज भावाचा आहे का वरवंट्याचा, याचीही फोड होत नाही.

वाटणाचं काय केलं? तर भिंतीपलीकडच्या चाचीनं तिचा वरवंटा दिला. चाचीचे यजमान सायकली दुरुस्त करायचे, आमच्या दोघांच्या अंगणात कमरेएवढी भिंत होती. चाचीनं काही विचारलं नाही. तिचं वाटण झालं की ती वरवंटा धुऊन भिंतीवर ठेवायची, आमचं झालं की तो पुन्हा भिंतीवर जायचा. त्या दिवसांत आमच्या कालवणाला किंचित वेगळी चव होती, चाचीच्या घरच्या मसाल्याची. वडिलांनी ती ओळखली असणार. ते गुमान जेवायचे.

मग एक दिवस पाळणा नव्हता, वरवंटा पाट्यावर होता आणि कालवण पहिल्यासारखं झालं होतं. पुढे अशोक झाला. त्याच्या बारशाला आईनं पाळण्यात वरवंटा ठेवू दिला नाही. बायकांनी लई समजावलं, रीत हाय म्हणून. आईनं नारळ ठेवला.

तर ही सगळी गुंतवळ डोक्यात घेऊन मी त्या बागेत उभी होते. अशोक बाहेर गाडीपाशीच थांबला होता. बागेची व्यवस्था पाहणारी मृणाल नावाची एक मुलगी आम्हाला घेऊन निघाली. आईच्या चालीनं चालत होती, हे मला आवडलं. ती एकेका शिल्पाबद्दल सांगत होती. आई सगळं ऐकून घ्यायची आणि तिला जे दिसलं ते बोलायची. पत्र्याच्या कमानीला हात लावून म्हणाली, गंज चढलाय, रंग द्या. भोकं भोकं असलेल्या मोठ्या पानांपाशी थांबली आणि फवारणी न्हाई का करत, असं काळजीनं विचारू लागली. ती पानं जन्मतःच तशी असतात, असं मृणालनं सांगितलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. जन्मतः भोकं घेऊन येणारं पान तिला मान्य नव्हतं, पण परक्याच्या बागेत वाद नको म्हणून ती पुढे चालू लागली. पुढे लाल-पिवळ्या चोचींसारखी फुलं लोंबत होती, केळीसारखी पानं पण केळी नव्हे. मला वाटलं, हे सगळं आपलं गाव नव्हेच. मग कुठूनशी भाजलेल्या पाचटाची झुळूक आली आणि पुन्हा वाटलं, हेच ते.

जाळीची सावली संपली तिथे उघड्यावर ते शिल्प होतं. गुळाची मोठी काहील, चौघांनी मिळून उचलावी लागते तेवढी, जमिनीत अर्धी पुरलेली. तिच्यात काठापर्यंत बारीक वाळू आणि वाळूत शेजारी शेजारी निजवलेले वरवंटे. काळे, राखाडी, आखूड, लांब, मध्ये झिजून कंबर आलेले. भोवती गवती हिरवळ. गावोगावचे वरवंटे एकाच अंथरुणात निजले होते. मला एकदम गलबलून आलं आणि त्याच वेळी त्या शिल्पकाराचा रागही आला. कुणी सांगितलं होतं याला?

काठाशी एक पाटी होती. आईनं विचारलं, काय लिवलंय.

मी वाचलं, "अनाम."

"म्हंजे?"

"म्हणजे नाव नाही."

"नाव हुतं की," आई म्हणाली आणि काहिलीच्या काठावर बसली.

काहील बहुधा इथल्याच जुन्या गुऱ्हाळातली असावी, असं मी मृणालला म्हणाले. ती म्हणाली, नाही, राहुरीकडच्या एका भंगारवाल्याकडून आणली. मला हे पटलं नाही, पण मला त्या दिवशी कशाचीच खात्री नव्हती. याच जागी काहिलीत रस उकळायचा, वर मळी यायची, ती झाऱ्यानं काढायचे, आणि काकवीचा तो गोड, जळका वास कालव्यापर्यंत जायचा. का ते गुऱ्हाळ पलीकडच्या शिवारात होतं? आईला विचारलं. तिचं लक्ष नव्हतं.

शिल्पातलं काही काढून देता येत नाही, हे मृणालनं फाटकाशीच सांगितलं होतं. मी तिला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. भाऊ, पाळणा, एवढंच. माझे पुरावे नाही सांगितले. तिनं शिल्पकाराला फोन लावला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून बोलत राहिली. परत आली आणि म्हणाली, "आजींना त्यांचा सापडला तर न्या म्हणालेत."

सापडला तर. खरी मेख तिथेच होती. आई एकेका वरवंट्यावर हात ठेवत गेली. दोन्ही टोकं मुठींत धरायची, जागच्या जागी थोडा पुढे-मागे करायची, सोडायची. ऊन चढलं होतं. मी पदराची सावली तिच्या डोक्यावर धरली. मला वाटलं होतं, ती हात लावताच ओळखेल. गोष्टीत तसंच होतं. पण ती एकाला सोडून दुसऱ्याकडे जायची, परत पहिल्याकडे यायची, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ते आलं जे मला तिच्या चेहऱ्यावर पाहायचं नव्हतं. तिलाही कळत नव्हतं.

मग मला एक दिसला. एका टोकाचा टवका उडालेला. माझ्या बोटांना तो टवका आठवला, अगदी खपली निघाल्यासारखी खोलगट जागा, अंगठा बरोबर बसायचा तिथे. मी ओरडलेच, आई, हा बघ, हाच आपला.

आईनं पाहिलं. "तो चाचीचा," ती म्हणाली. "तू रोज भिंतीवरनं उचलून आनायचीस की. न्हाई आठवत?"

नाही आठवत. मला फक्त अंगठ्याला टवका आठवतो. जो दगड मी इतकी वर्षं आमचा म्हणून डोक्यात बाळगला तो शेजारचा निघाला. चाचीचं कुटुंब केव्हाच नगरला राहायला गेलं, तिचा वरवंटा गावात कुणाकडे राहिला आणि इथवर कसा आला, देव जाणे. आईनं त्याच्यावरून हात फिरवला, एखाद्या ओळखीच्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि त्याला तिथेच राहू दिलं. मला खजील वाटलं आणि थोडं भ्यायल्यासारखंही झालं. एवढी खात्रीची आठवण अशी निघाली, तर मग मांडीवरच्या त्या ओझ्याचं काय?

बऱ्याच वेळानं आईनं एक वरवंटा वाळूतून काढला. काळा, गुळगुळीत, मध्ये किंचित झिजलेला. तसे तिथे पुष्कळ होते.

"हा?" मी विचारलं.

"ह्योच असंल."

"असंल म्हणजे? नक्की ना, आई?"

आईनं त्याच्यावरची वाळू पदरानं पुसली. "आता ह्योच," ती म्हणाली.

वाळूत त्याच्या आकाराची खोलगट जागा राहिली होती. आईचं लक्ष तिच्याकडे गेलं. अशी रिकामी नका ठेवू, असं तिनं मृणालला सांगितलं. मृणाल म्हणाली, आम्ही बघू नंतर. आई हलेना. शेवटी त्या पोरीनं त्या भोकाभोकांच्या पानांखालून एक लांबट गोटा शोधून आणला आणि त्या जागी ठेवला. आईनं तो हातानं नीट बसवला, वाळू सारखी केली. मग उठायला निघाली.

काठावरून उठायला तिला दोन्ही हात लागतात, गुडघ्यांनी केव्हाच जबाब दिलाय. तिनं वरवंटा पदरात गुंडाळलेला होता. मी हात पुढे केला. तो माझ्या हातात देताना ती, अगदी रोजच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मान धर."

माझा तळहात आपोआप त्या गोल टोकाखाली गेला. जन्मभर मी जिला पुरावा समजत आले ती गोष्ट आईनं दगडाला म्हणून दाखवली, आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझा एक पुरावा गेला. आणि मग मला दुसरा जाताना कळला. उन्हात पडून पडून तो वरवंटा उबदार झाला होता. मुळीच गार नव्हता.

तेव्हा विचारता आलं असतं. आई समोर होती, हात झटकत होती, अशोकनं गाडी कुठं लावलीय म्हणून विचारत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला रडू आलं. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. भावासाठी म्हणावं तर तो आता माझ्याकडे उरलाच नव्हता. का आत्ताच हातात आला होता?

फाटकाबाहेर कालवा होता, पुलाचा मोडका कठडा होता, उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून चालला होता. आईला गाडीत बसवलं. अशोकनं गाडी सुरू केली आणि मागे वळून म्हणाला, दे इकडं, पायाशी ठेवतो. मी नाही म्हटलं. रस्त्यात खड्डे फार आहेत. घर येईपर्यंत मी मान सोडली नाही.